पाणी काढण्याआधी श्वासपटलाकडे पाहावे

छातीत, म्हणजे फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये, पाणी झाल्याचे एक्स-रेवर दिसले की पुढचा प्रश्न बहुधा 'किती आहे आणि कधी काढायचे' एवढाच असतो. सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवला जातो तोही सुई टोचण्याची जागा ठरवण्यापुरता. खूण झाली की तपासणी संपली. रिपोर्टमध्ये 'मध्यम प्रमाणात पाणी' असे लिहून येते आणि त्यापलीकडे एक अक्षर नसते, याचा मला मनापासून वैताग येतो. हे पाणी साध्या आजाराचे आहे की कॅन्सरचे, याचे काही धागेदोरे त्याच वेळी त्याच पडद्यावर सापडू शकतात, आणि पाणी काढून टाकल्यावर त्यांतले बरेचसे पुन्हा दिसत नाहीत.

याचे कारण साधे आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेपाशी अडतात, त्यामुळे हवेने भरलेले निरोगी फुप्फुस छातीच्या भिंतीला टेकलेले असताना त्याच्या पलीकडचे काहीच नीट दिसत नाही. पाणी साचले की ते फुप्फुसाला बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना वाट मोकळी करून देते. एरवी झाकलेले श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) आणि त्यावरचे फुप्फुसावरण (फुप्फुसाला आणि छातीला आतून झाकणारा पातळ पापुद्रा) मग स्पष्ट दिसू लागते.

रुग्णाला बसवून पाठीमागून, खालच्या बरगड्यांच्या मधून उजवीकडे पाहिले तर यकृताचा करडा भाग, त्यावर श्वासपटलाची पांढरी कमान आणि तिच्यावर काळे पाणी असे दृश्य दिसते. साध्या आजारात ही कमान सहसा पातळ आणि गुळगुळीत असते. कॅन्सर फुप्फुसावरणावर पसरला असेल तर तिच्या पाण्याकडच्या अंगाला लहान लहान उंचवटे दिसू शकतात. फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या चिकट प्रथिनाचा) एखादा गोळाही वरवर तसाच भासतो. म्हणून प्रोब स्थिर धरून रुग्णाला सावकाश श्वास घ्यायला सांगावे. खरी गाठ श्वासपटलाला चिकटून त्याच्याबरोबर वर-खाली होते, तर फायब्रिनचा गोळा बहुधा पाण्यात मागे-पुढे डुलतो. कॅन्सरच्या गाठी फुप्फुसावरणाच्या खालच्या भागात अधिक आढळतात, त्यामुळे घाईच्या तपासणीतही हा कोपरा वगळू नये.

२००९ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२ रुग्णांची अशी तपासणी केली होती. छातीच्या भिंतीकडील फुप्फुसावरणाची जाडी १ सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे, श्वासपटलाची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे, फुप्फुसावरणावर किंवा श्वासपटलावर गाठी असणे, ही त्यातली मुख्य लक्षणे. कॅन्सर असलेल्या ३३ रुग्णांपैकी २६ जण सोनोग्राफीवर ओळखता आले आणि कॅन्सर नसलेल्या १९ जणांपैकी एकालाही चुकून कॅन्सरचा शिक्का बसला नाही. कॅन्सर नसलेल्यांबाबतचा शंभर टक्के अचूकतेचा हा आकडा अवघ्या १९ जणांवर उभा आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते निसटलेले सात रुग्ण: गाठ दिसली तर संशय पक्का होतो, पण गाठ दिसली नाही म्हणून रुग्णाला 'काही नाही' असे सांगण्याचा अधिकार सोनोग्राफी देत नाही.

पाण्याच्या रंगरूपावरून फारसे ठरत नाही. पाण्यात जाळी दिसली तर ते बहुतेक वेळा दाहाचे किंवा आजारी फुप्फुसावरणाचे पाणी असते. पण तशी जाळी क्षयरोगात, न्यूमोनियानंतरच्या संसर्गात आणि कॅन्सरमध्येही दिसते. पाण्यात भिरभिरणारे ठिपके कॅन्सरकडे बोट दाखवतात असे म्हटले जाते. मी एकट्या त्या ठिपक्यांवर विसंबत नाही. उलट, जाड फुप्फुसावरण पाहून लगेच कॅन्सरच गृहीत धरण्यातही धोका आहे, कारण पू झाल्यावर आणि क्षयरोगातही ते चांगलेच जाड होते. अशा वेळी ताप, दुखण्याची सुरुवात आणि पाण्यातील पेशींचा प्रकार यांना पडद्यावरच्या चित्राइतकेच वजन द्यावे लागते.

अंतिम निदान पेशी किंवा तुकडा तपासूनच होते. कॅन्सरच्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी सापडण्याचे प्रमाण साधारण ६० टक्के असते आणि मेसोथेलिओमामध्ये (फुप्फुसावरणाच्याच कॅन्सरमध्ये) त्याहून बरेच कमी. म्हणून बायोप्सी कोठून घ्यायची हे महत्त्वाचे ठरते. २००३ सालच्या एका चाचणीत अंदाजाने घेतलेल्या बायोप्सीने कॅन्सरचे निदान ४७ टक्के रुग्णांत झाले, तर सीटी स्कॅनच्या आधारे नेमक्या जागेवरून घेतलेल्या बायोप्सीने ८७ टक्के रुग्णांत. ती चाचणी सीटीची होती, पण तत्त्व तेच आहे: फुप्फुसावरण जिथे जाड दिसते तिथेच सुई गेली पाहिजे, आणि सोनोग्राफीत ती सुई आत जाताना दिसते, कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीची सोय) लावला तर वाटेतली बरगडीची रक्तवाहिनीही टाळता येते.

म्हणूनच श्वासपटलावर संशयास्पद काही दिसले तर त्याची क्लिप जपून ठेवावी, रिपोर्टमध्ये जागा आणि जाडी लिहावी आणि धाप कमी होण्यापुरतेच पाणी काढून बाकीचे राहू द्यावे. पुढे थोरॅकोस्कोपी (दुर्बिणीने छातीच्या आतून तपासणी) करायची ठरली तर दुर्बीण सुरक्षितपणे आत घालण्यासाठी फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये जागा लागते, आणि ती जागा या उरलेल्या पाण्यानेच राखलेली असते.