तालुक्यात निम्म्या बाई, वाडीत एकही नाही

शिक्षकी पेशात आता बायकाच जास्त, हे अर्धंच खरं. यू-डायस म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या २०२४-२५ च्या आकड्यांत देशातल्या शालेय शिक्षकांपैकी महिला ५४.२ टक्के आहेत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात त्या ४३.४ टक्केच. अंगणवाडीत तर सेविका आणि मदतनीस दोन्ही बायकाच. म्हणून सगळे स्तर एकत्र करून काढलेली टक्केवारी फारशी कामाची नाही.

कोकणात तर तालुक्याची सरासरीही फसवते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडीवाडीवर छोट्या शाळा. द्विशिक्षकी शाळेत महिलांचं प्रमाण शून्य, पन्नास नाहीतर शंभर, चौथं उत्तरच नाही. समजा दहा शाळांत वीस शिक्षक, त्यांत दहा बाई. प्रत्येक शाळेत एकेक बाई असली तरी ५० टक्के, आणि पाच शाळांत दोन्ही बाई, पाचांत दोन्ही गुरुजी असले तरी ५० टक्केच! तेव्हा ‘एकही बाई नसलेल्या शाळा किती’ हा रकाना वेगळा हवा. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) दुसरा शिक्षक शक्यतो महिला असावी असं म्हटलं होतं, ते शाळा धरून. तालुका धरून नव्हे.

काही शाळांत बाईच, काहींत गुरुजीच अशी विभागणी होते ती बदल्यांत. जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात महिलांना प्रतिकूल गावांची यादी असते, आणि नवरा-बायकोच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर एकत्रीकरणाची सवलत. दोन्ही तरतुदी रास्तच आहेत. पण गाव यादीत गेलं की तिथे गुरुजीच जाणार, आणि बाई साहजिकच हायवेजवळच्या, बाजारपेठेच्या शाळांत. गाव यादीत का आलं (एसटी नाही, राहायला खोली नाही, पावसात साकव बुडतो) हे कारण नावापुढे लिहिलेलं असलं तर निदान बांधकाम खात्याकडे बोट तरी दाखवता येतं.

मोजताना मंजूर पदं नकोत, कार्यरत शिक्षक धरा. पाचवी ते दहावीच्या शाळेत एकच बाई सहावी आणि नववी दोन्हीला शिकवते. तिला दोन्ही स्तरांत धरलं की बेरीज फुगते. कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या मॅडम आणि कायम प्राध्यापिका एका ओळीत घालू नयेत. पगार, रजा, बढती सगळंच वेगळं. मुख्याध्यापक आणि प्राचार्यांची मोजणीही स्वतंत्र करावी.