चौथा नंबर

रविवार, रात्री

शुक्रवारी दुपारी अ‍ॅरिझोनातल्या मेसाच्या आमच्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे राहायची गाडी उभी करून आम्ही हिवाळा काढतो तिथे, फोन केला, दादासाठी. जानेवारी ते मार्च, तीन महिने, दोन माणसं, कुत्रं-मांजर नाही, क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर, मॉडेल ३१. ऑफिसातली बाई नेहमीसारखीच प्रेमानं बोलली. जागा नाही म्हणाली, पण यादीत चौथा नंबर लावते. आणि मला धीर द्यायला पुढे म्हणाली, काळजी करू नका, नाताळपर्यंत दोन-तीन साइट्स दरवर्षी रिकाम्या होतातच.

मी आभार मानले, वहीत 'नंबर ४' लिहिलं आणि खाली रेघ मारली. काम झालं होतं. पण ती रुखरुख लागली ती लागलीच. त्या 'होतातच'मधल्या 'च'पाशी मी अडकले आहे.

कारण साइट्स रिकाम्या कशा होतात हे मला पुरतं ठाऊक आहे. पंचावन्नच्या पुढच्यांचं पार्क. तिथली जुनी मंडळी मार्चअखेर परत निघतानाच पुढच्या हिवाळ्यासाठी तीच साइट धरून ठेवतात, डिपॉझिट भरून. म्हणून नवीन माणसानं सप्टेंबरात फोन केला की सगळं भरलेलं असतं. उरतात त्या फक्त रद्द झालेल्या. आणि रद्द कोण करतं? उन्हाळ्यात ज्याच्या तपासणीत काहीतरी निघालं तो. जिचा खुबा मोडला ती. ज्याला मुलांनी सांगितलं, बाबा, आता एवढी मोठी गाडी एवढ्या लांब नको. पहिले फोन येतात ऑक्टोबरात, उरलेले पैसे भरायची तारीख जवळ आली की. दुसरे येतात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर, मुलं घरी येऊन आईवडिलांकडे नीट बघतात तेव्हा.

दादाला यातलं काही बोलले नाही. नंबर लागलाय, होईल, एवढंच. तो म्हणाला, "अगं, एवढं वाळवंट पसरलंय आणि एक गाडी उभी करायला जागा मिळू नये?"

जागा आहे. पण कुठली जागा कशासाठी, हे पहिल्या हिवाळ्यात कळत नाही. त्यानं स्वतः शोधलेली पहिली जागा पेसनची निघाली. भाडं पाहून खूश झाला होता. पेसन ५,००० फुटांवर आहे, तिथे बर्फ पडतो. मिनेसोटात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला अ‍ॅरिझोना म्हणजे सगळीकडे ऊन असं वाटणारच. दर हजार फुटांना साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइट उतरतात, म्हणून भाड्याच्या आधी उंची बघायची. युमा समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे फूट, क्वार्ट्झसाइट ९०० च्या आसपास, मेसा साडेबाराशे, टूसॉन २,४००, बेन्सन ३,६००. टूसॉनलासुद्धा जानेवारीत काही रात्री पाणी गोठतं. तशा रात्री नळी काढून, रिकामी करून आत ठेवायची आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरायचं. नाहीतर सकाळी नळाचा जोड फुटलेला सापडतो आणि त्याचे पैसे आपल्याला भरावे लागतात. वाटेचंही तेच. आय-४० महामार्गावरून फ्लॅगस्टाफला गेलं की ७,००० फूट. नोव्हेंबरात निघणाऱ्या नवख्यानं टेक्सासमधून खाली उतरून आय-१० धरावा. मैल वाढतात, पण घाटातला बर्फ टळतो. घरून निघताना पाइप गोठू न देणारं गुलाबी अँटीफ्रीझ त्यांत असू दे, रात्रीही पाणी गोठणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावरच धुऊन काढ, हे त्याला दोनदा लिहून पाठवलंय.

हे सगळं मी भराभर लिहिते, कारण हे मला येतं. यात कुणाचं काही बिघडत नाही.

त्याला फोनवर विचारायच्या गोष्टीही लिहून दिल्या. लांबी पहिली. गाडीवर लिहिलेला ३१ हा मॉडेलचा नंबर आहे, लांबी नव्हे. पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत टेप लावून मोजायची. त्यात मागे ओढत नेणार ती कार मिळवली की पन्नास फूट होतात, म्हणजे आरपार निघता येणारी साइट हवी, किंवा कार सोडून ठेवायला वेगळी जागा. दुसरं, गाडी किती जुनी चालते. बऱ्याच पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनी घेत नाहीत, किंवा आधी फोटो मागतात. दादाची बारा वर्षांची आहे. फोटो काढण्याआधी धुऊन, खिडक्यांभोवतीचा सुकलेला सीलंट काढून नवा लाव म्हटलंय. तिसरं, महिन्याच्या भाड्यात वीज धरलेली आहे का. बहुतेक ठिकाणी नसते, मीटर वेगळा असतो. चौथं, पाहुणे किती रात्री राहू शकतात. नातवंडं येणार असतील तर हे डिपॉझिट भरण्याआधीच विचारायचं, पंचावन्नच्या पार्कात त्यावर बंधन असतं. आणि मुक्काम पूर्ण महिन्याचा धरायचा. तीस दिवसांच्या आत असला तर अ‍ॅरिझोनात लॉजवर लागतो तो कर आपल्यालाही लागतो.

विजेचं वहिनीला समजावून सांगायला हवं, दादा ऐकणार नाही. ३० अँपियरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट, सगळं मिळून. हीटर १,५००, इंडक्शन १,८००. ही दोन लावली की ३,३०० तिथेच संपले, त्यात मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर पडतो. पोळ्या करताना हीटर बंद, हा नियम. खांबावर आधी सर्ज प्रोटेक्टर लावायचा, कमी व्होल्टेजला तोडणारा. थंडीच्या सकाळी सगळं पार्क एकदम हीटर लावतं, व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की एसी आणि फ्रिजच्या मोटारी तापतात. पाण्याला प्रेशर रेग्युलेटर, ४० ते ५० पीएसआय. आणि संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह पार्कच्या सीवरला, म्हणजे गटाराला, जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, घट्ट ते खाली साठून सुकतं, आणि फेब्रुवारीत माणूस बोलवावा लागतो. टाकी दोनतृतीयांश भरली की उघडायची, आधी ती, मग आंघोळ-भांड्यांची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

एवढं लिहून झाल्यावर पुन्हा तेच. नाताळपर्यंत जागा रिकाम्या व्हाव्यात म्हणून मी वाट बघणार. रोज नाही, पण मनात कुठेतरी. ऑक्टोबरात त्या बाईचा फोन आला की मला आनंद होणार. त्याच दिवशी आयोवात किंवा सस्कॅचवानमध्ये एका घरात कुणीतरी गाडीच्या किल्ल्या खिळ्याला परत अडकवत असेल. पासष्टीनंतर माणसावर ही वेळ का यावी? घर आहे, पेन्शन आहे, आयुष्यभर कुणाची जागा अडवली नाही, आणि आता आपला हिवाळा कुणाच्या तरी खुब्यावर ठरतो. त्यात सगळ्यांचं मीच बघायचं. सगळे म्हणतात तुला माहीत असतं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मला सांगणारं कुणी नव्हतं. चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा तसाच राहिला.

शुक्रवारी फोन ठेवण्याआधी मी आणखी एक विचारलं होतं. सहज. आमची साइट आमच्याऐवजी भावाला देता येईल का. नाही म्हणाली, साइट नात्यानं देता येत नाही, यादीत जो पहिला त्याला जाते. मी विचारलं हे यांना ठाऊक नाही.

त्या यादीवर विसंबून राहायचं नाही, हे मात्र नक्की. दादाचा हिवाळा तुकड्यांनी शिवायचा. नोव्हेंबर-डिसेंबर महिन्याच्या भाड्यानं कुठेही मिळतं, गर्दी पाच जानेवारीनंतरची. तेव्हापासून सरकारी जागा: अपाची जंक्शनजवळ लॉस्ट डचमन स्टेट पार्क, मग काउंटीचं युसेरी माउंटन. दोन्हीकडे वीज-पाणी आहे, पण मुक्काम १४ दिवसांचा आणि बुकिंग लवकर संपतं. तिथेही रद्द झालेल्या तारखा मिळतात, त्या रोज सकाळी बघाव्या लागतात. आठवड्याच्या मधल्या रात्री आधी धरायच्या, शुक्रवार-शनिवार मागून जुळतात. जानेवारीच्या उत्तरार्धात क्वार्ट्झसाइटला आरव्ही शो, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टूसॉनला रत्नांचं प्रदर्शन, फेब्रुवारीअखेर फिनिक्सभोवती बेसबॉलचा सराव. त्या त्या वेळी त्या गावापासून लांब राहायचं. बासष्टच्या पुढच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना ८० डॉलरात आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, त्यावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कँपग्राउंडांत सहसा निम्मं भाडं. तो त्यानं निघण्याआधी काढावा.

आणि काहीच जमलं नाही तर ला पोसा. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला बीएलएमचं, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याचं, वाळवंट, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, एकाच परवान्यात पूर्ण मोसम. बरीच वर्षं तो १८० डॉलरांना मिळायचा. यावर सीनियर पासची सूट नाही. नंबर नाही, यादी नाही, जिथे सपाट जमीन दिसेल तिथे उभं राहायचं. पिण्याचं पाणी, टाक्या रिकाम्या करायची सोय, कचरा, सगळं आवारातच. वीज तेवढी नाही, आणि नवखा तिथेच फसतो. गाडी गरम ठेवणारी भट्टी गॅसवर चालते म्हणून तो निश्चिंत असतो, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो, ७-८ अँपियर खातो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तरी ४० अँपियर-तास गेले. शंभरच्या साध्या बॅटरीतून पन्नासच काढायचे असतात, म्हणजे दिवे आणि पाण्याचा पंप धरून पहाटे ती बसते. गॅसही तसाच: ३०,००० बीटीयूची भट्टी तीन तासांत एक गॅलन, वीस पौंडी सिलिंडरात साडेचार गॅलनच्या थोडा वर. सलग पेटली तर चौदा तास. म्हणून दोन बॅटऱ्या, सोलर आणि एक जाड रजई. वहिनीला तिथे ठेवावं का, हा प्रश्न वेगळा. मागच्या फेब्रुवारीनंतर तिला दवाखाना जवळ हवा. त्यासाठीच मेसा. मेडिकेअरचंही, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी विम्याचं, ७ डिसेंबरच्या आत बघायला सांगितलंय. तिचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन एचएमओचा, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांपुरता आहे, तो गावाबाहेर तातडीच्या उपचारांपुरताच चालतो. तीन महिने राहणाऱ्याला ते पुरत नाही.

आता साडेअकरा झालेत. मघाशी भांडी लावताना डोंबिवलीची गाडी आठवली. व्हीटीहून संध्याकाळची, बायकांचा डबा. आत शिरलं की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" घाटकोपर म्हणाली की तिच्यापुढे उभं राहायचं. मी सात वर्षं तो प्रश्न विचारला, मला तो हजार वेळा विचारला गेला, आणि मला आठवत नाही की कधी कुणाला वाईट वाटलं. उतरणारी बाई उठायच्या आधी जिला सांगितलंय तिला खूण करायची, तिची पिशवी घेऊन सीटवर ठेवायची, मगच दाराकडे जायची. बसायला मिळालं तर तिच्याकडे बघून हसायचं, एवढाच व्यवहार. घाटकोपरला उतरणारी काही आपल्यासाठी उतरत नव्हती. तिला उतरायचंच होतं.

आमच्या साइटच्या सिमेंटवर एक पांढरी रेघ आहे, ऑइलपेंटनं मारलेली, हातभर. पहिल्या वर्षी ती कशाची ते कळेना. मागचं चाक बरोबर त्या रेघेवर थांबवलं की गाडीची बाहेर सरकणारी भिंत विजेच्या खांबाला लागत नाही आणि सीवरची नळी दहा फुटांत पोचते. आधीच्यांनी मारलेली. ते का आले नाहीत हे मी तेव्हा विचारलं नव्हतं, मला फक्त जागा मिळाल्याचा आनंद होता. दर वर्षी आम्ही त्या रेघेवर थांबतो. गेल्या मार्चमध्ये ती पुसट झाली होती, मी ब्रश आणून पुन्हा मारली.

उद्या सकाळी त्या बाईला पुन्हा फोन करायचा. शुक्रवारी एक सांगायचं राहिलं: दादा दोन दिवसांच्या निरोपावर कुठल्याही तारखेला येऊ शकतो, साइट कुठलीही चालेल, पूर्ण तीन महिने नसतील तर सहा आठवडेही चालतील. असं सांगणाऱ्याला चौथ्या नंबरवरूनही लवकर बोलावतात, कारण वरचे तिघं ठरावीक तारखांना आणि तळ्याकाठच्या साइटला अडून बसलेले असतात. आणि पार्कच्या यादीवर नाव असलं तरी महिन्यातून एकदा फोन करायचा, पंधरा तारखेला. न करणाऱ्याचं नाव मागे पडतं.

आमच्या साइटचा फॉर्म फ्रिजवर लावलाय, पैसे १ ऑक्टोबरपर्यंत भरायचे. सही यांची लागते. मी त्याबद्दल बोलले नाही, यांनीही नाही. पण आज जेवताना यांनी मध्येच विचारलं, आपला तो पाण्याचा रेग्युलेटर कुठे ठेवलायस.

गॅरेजमध्ये, निळ्या डब्यात, म्हटलं.