जिलबी घरी गेली तो रविवार

शेल्टरमध्ये अ‍ॅडॉप्शनचं काम बघायला लागून मला सहा वर्षं झाली, पण ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे कुत्रा द्यायचा असेल तर अजूनही आदल्या रात्री मला नीट झोप लागत नाही. त्याला कारण एक जुनी केस आहे. तेव्हा आम्ही कुत्रा शेल्टरमधूनच द्यायचो, म्हणजे सगळं घर यायचं, मुलं त्याला मिठ्या मारायची, फोटो व्हायचे, पेढे वाटायचे आणि गाडीत बसून निघायचे. तसा दिलेला एक कुत्रा चौथ्या दिवशी परत आला. तो झोपलेला असताना पाच वर्षांच्या मुलाने वरून मिठी मारली आणि त्याने मुलाच्या गालाला दात लावला, टाके पडले. नंतर बोलता बोलता कळलं की त्याआधी तो दोनदा गुरगुरला होता आणि दोन्ही वेळा त्याला पेपरची गुंडाळी मारून गप्प केलं होतं. मग तो गप्पच झाला ना, तिसऱ्यांदा गुरगुरलाच नाही. पण त्या लोकांना हे कुणी सांगायला हवं होतं? मीच. तेव्हापासून मी स्वतः कुत्र्याला घेऊन घरी जाते आणि निदान अर्धा दिवस तिथे बसते.

जिलबी आमच्याकडे कात्रज बायपासजवळून आली होती, मागचा पाय मोडलेला, अंगावर गोचिड्याच गोचिड्या, त्यामुळे टिक फीव्हरही झालेला. साधारण दोन वर्षांची तांबूस इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री. बरी व्हायला लागली तशी शेपटीचा गोल आकडा पाठीवर वर यायला लागला, तो बघून आमच्या डॉक्टरांनी नाव ठेवलं जिलबी. नसबंदी झाली, रेबीजची लस झाली, आणि धायरीच्या एका कुटुंबाने तिला पसंत केलं. आई, बाबा, आजी, सात वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा छोटू. त्याआधी ते तीन रविवार शेल्टरला येऊन नुसते तिच्याजवळ बसून गेले होते, हे मला फार आवडलं होतं.

श्रावणातला रविवार, बाहेर बारीक पाऊस. जिलबीने आयुष्यात लिफ्ट पाहिलेली नव्हती त्यामुळे तीन मजले जिन्यानेच चढलो, पाय जपत जपत. घरात गुळगुळीत टाइल्स, त्यावर तिचे पाय घसरायला लागले आणि ती जागच्या जागी बसली. आजींनी आतून जुन्या सतरंज्या आणून दारापासून कोपऱ्यापर्यंत वाट घातली. या आजींना खरं तर कुत्रा नको होता, तसं त्यांनी मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. कोपऱ्यात मी तिची शेल्टरमधली गोधडी टाकली, न धुता, कारण त्या सगळ्या नव्या घरात तिच्या ओळखीचा वास तेवढाच होता.

मुलांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आज जिलबीला कुणीच हात लावायचा नाही, तिला यायचं असेल तर ती येईल. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे सांगणं सोपं नसतं, तुमच्या घरात असेल तर कळेलच. म्हणून त्याला सांगितलं की ती गोधडी म्हणजे जिलबीचं घर आहे आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता जायचं नाही. त्याने मान हलवली, आणि पाच मिनिटांनी परत विचारलं, आता जाऊ?

मग कुकरची शिट्टी झाली. जिलबी अशी दचकली की सरळ डायनिंग टेबलखाली, शेपूट पोटाशी, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. ती सारखी जिभल्या चाटत होती आणि जांभया देत होती. बाबा म्हणाले, "झोप आली वाटतं तिला." मी म्हणलं, नाही हो दादा, ती घाबरली की असं करते. आणि मी हे सांगत होते तेवढ्यात छोटू हातात बिस्किट घेऊन टेबलखाली वाकला.

जिलबी गुरगुरली. मोठ्याने नाही, घशातल्या घशात, अंग एकदम ताठ.

बाबांनी पोराला ओढून उचललं आणि दुसरा हात तिच्यावर उगारला. मी मधे गेले. आई रडायला लागली, म्हणाली, "ताई, प्लीज परत न्या हिला, मला नाही जमणार, उद्या काही झालं तर?" मला त्या बाईचा अजिबात राग आला नाही. पोराचा चेहरा कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर लांब होता, कुठल्याही आईने तेच म्हणलं असतं.

आम्ही सगळे बेडरूममध्ये जाऊन बसलो, जिलबीला तिथेच राहू दिलं. मी त्यांना तो चौथ्या दिवशी परत आलेला कुत्रा सांगितला, टाक्यांसकट, काही लपवलं नाही. म्हणलं, ताई, तिला "लांब राहा" हे आपल्या भाषेत बोलता येत नाही, तिच्याकडे हे गुरगुरणंच आहे, आज तिने ते वापरलं आणि चावली नाही. ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. आणि हेही सांगितलं की तरी तुम्हाला नको असेल तर मी आत्ता तिला घेऊन जाते, मला वाईट वाटेल पण मी भांडणार नाही. समजा कधी दात लागलाच, तर तिची लस झालेली असली तरी वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं, हे मी लिहूनच दिलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "सासरी आले तेव्हा आठ दिवस मी पण कुणाशी धड बोलले नव्हते. राहू दे तिला."

मग कामाला लागलो. स्वयंपाकघराच्या दाराला छोटूसाठीचं जुनं बेबी गेट होतं, ते हॉलमध्ये कोपऱ्याला लावून तिचा भाग वेगळा केला. छोटू जमिनीवर असेल तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, मोबाइल बघत नाही, त्यांच्याकडे बघत. पोराने घरभर बिस्किट घेऊन फिरणं बंद, खायचं ते टेबलावर बसून. ती जेवताना आणि झोपलेली असताना कुणीही जायचं नाही. आजी प्रेमाने शिऱ्याची वाटी घेऊन आल्या, त्यात मनुके होते, मी पटकन थांबवलं कारण द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात, कांदा आणि चॉकलेटही तसंच वाईट. आजींनी वाटी परत नेली आणि बिनमिठाचा दहीभात आणून गेटच्या आत सरकवून ठेवला, तिच्याकडे न बघता.

मी साडेचारला निघाले तेव्हा मुलगी गेटच्या बाहेर, जिलबीकडे पाठ करून बसली होती आणि दुसरीच्या बालभारतीचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. पाठ करून बसायला मी सांगितलं नव्हतं, मी सकाळी तशी बसले होते ते तिने पाहिलं असावं. मी चपला घालेपर्यंत दहीभाताची वाटी रिकामी झाली होती.

पहिले तीन दिवस रोज फोन होता, आज काही खाल्लं नाही, आज घरातच शी केली, आज रात्री रडली. मग फोन कमी झाले. तीन आठवड्यांनी आईने व्हिडिओ पाठवला. छोटू खुर्चीवर पाय हलवत बिस्किट खातोय, आजी खाली शेंगा सोलत बसल्यात, आणि गेट उघडं आहे. जिलबी सावकाश येते, छोटूच्या पायाचा वास घेते, मग आजींच्या शेजारी अंग टाकते. आजी हात लावत नाहीत, शेंगा सोलत राहतात. मी व्हिडिओ थांबवून झूम केला, ती चालत येते तो भाग, आणि डॉक्टरांना दाखवला. शेपटीचा आकडा पाठीवर होता.