‘माहिती उपलब्ध नाही’

चाकणच्या एका कारखान्यात रजा, पाळ्या आणि भत्त्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट कोपायलट स्टुडिओत (असे बॉट बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) तयार करून टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या संवाद-ॲपवर प्रकाशित करण्याचे काम माझ्याकडे होते. ही घटना त्या कामातील आहे, आणि ती अजून माझ्या मनातून जात नाही.

प्रकाशनापूर्वीचे अडथळे नेहमीचेच होते. कोणत्या सेवा एकमेकींशी जोडता येतील हे ठरवणाऱ्या डेटा धोरणात टीम्सची वाहिनी एका गटात आणि शेअरपॉइंटचा, म्हणजे कंपनीचे कागद ऑनलाइन ठेवण्याच्या जागेचा, माहितीस्रोत दुसऱ्या गटात असल्यामुळे बॉट प्रकाशितच होईना. ते सुटल्यावर टीम्सच्या ॲडमिनची मंजुरी रखडली. सर्वाधिक वेळ मात्र लायसन्सच्या वादात गेला. प्रत्येक कामगारासाठी दरमहा 30 डॉलरचे कोपायलट लायसन्स घ्यावे लागेल, असे खरेदी विभाग ठामपणे सांगत होता. ते लायसन्स वर्ड, एक्सेल, आउटलुकमधल्या कोपायलटचे. आमच्या बॉटला संपूर्ण टेनंटसाठी, म्हणजे कंपनीच्या सगळ्या खात्यांसाठी, मिळून दरमहा 25,000 संदेशांची 200 डॉलरची क्षमता पुरेशी होती, कारण आमच्याकडे रजा-भत्त्यांच्या धोरणाच्या कागदांवरून तयार झालेले एक उत्तर त्या वेळी दोन संदेश धरले जाई. हे पटवून देण्यात दोन आठवडे गेले. कागद न वाचता आकडा सांगणाऱ्यांचे म्हणणे बैठकीत इतके सहज मान्य व्हावे, याचे मला आजही वाईट वाटते.

बॉट सुरू झाल्यानंतर अडतिसाव्या दिवशी मी जुळणी विभागात गेलो होतो. तिथल्या एका ताईंनी सहज म्हणून मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांनी बाळंतपणाच्या रजेविषयी विचारले होते आणि खाली उत्तर होते : ‘याविषयी धोरणात माहिती उपलब्ध नाही.’ धोरणाच्या दुसऱ्याच पानावर 26 आठवड्यांच्या पगारी रजेचे कलम आहे. मी विचारले, “मग तुम्ही ऑफिसात विचारलंत का?” त्या म्हणाल्या, “सर, बॉटच नाही म्हणाला. कंत्राटातून आलेय ना मी, म्हटलं आपल्याला नसेल.”

ते वाक्य मी लिहिलेले होते. उत्तर न सापडल्यास बॉटने काय म्हणावे, हे आपणच ठरवायचे असते.

ऑफिसातील सर्वांचे पहिले बोट लायसन्सकडे गेले : कामगारांकडे एफ-3 हे स्वस्त लायसन्स, ऑफिसकडे ई-3 हे महागडे, म्हणून उत्तरे वेगळी. मी कामगारांसारख्याच एका चाचणीच्या खात्याला ई-3 लावून तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच आले. मग त्या ताईंच्याच मोबाइलवर, बॉट बाजूला ठेवून, धोरणाच्या फाइलची थेट लिंक उघडली. प्रवेश नाकारला गेला. अशा तक्रारीत हीच तपासणी सर्वांत आधी करायला हवी, कारण बॉट शेअरपॉइंटवरील कागद स्वतःच्या नव्हे, तर विचारणाऱ्याच्या अधिकाराने वाचतो. बॉट वापरण्याची परवानगी आम्ही सिक्युरिटी ग्रुपमार्फत, म्हणजे खात्यांचा एक गट करून, सर्वांना दिली होती. कागद वाचण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. धोरणाचा मसुदा चालू असताना कोणीतरी रजेच्या फोल्डरला वरच्या फोल्डरकडून आपोआप मिळणारी परवानगी तोडून तो मनुष्यबळ विभाग आणि व्यवस्थापकांपुरता ठेवला होता, आणि मसुदा पक्का झाल्यावर ती पूर्ववत केली नव्हती. आमच्या चाचणीतील एकूण एक माणूस त्याच दोन गटांतला होता.

‘बाहेरचे वगळून सर्वांना’ असा गट संपूर्ण लायब्ररीला (शेअरपॉइंटवरील फाइलींच्या संग्रहाला) जोडून मोकळे व्हा, असे मला सुचवण्यात आले. त्याच लायब्ररीत पगारवाढीचे तक्ते होते. ते कोणीही बॉटला विचारून वाचू शकला असता, म्हणून मी स्पष्ट नकार दिला. वेगळी लायब्ररी केली, मंजूर झालेले 14 कागदच तिथे ठेवले, कारखान्याच्या ग्रुपला फक्त वाचनाची परवानगी दिली, माहितीस्रोत बदलून बॉट पुन्हा प्रकाशित केला. पुन्हा प्रकाशित केल्याशिवाय वापरणाऱ्यांना जुनाच बॉट दिसत राहतो. संध्याकाळच्या पाळीआधी त्या ताईंनी माझ्यासमोर तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तरात 26 आठवडे आले आणि त्याखाली कागदाचा दुवा. त्यांनी दुवा उघडून ते कलम बोटाने ओळ धरून दोनदा वाचले. ते मूळचे वाक्यही मी बदलले आहे : ‘मला हा कागद सापडला नाही किंवा तो पाहण्याची परवानगी नसेल; कृपया मनुष्यबळ कक्षात विचारा’, आणि सोबत कक्षाचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक.

त्यानंतर मी डेटाव्हर्समधील, म्हणजे बॉटच्या नोंदी साठतात त्या डेटाबेसमधील, जुने संवाद काढून, ते वाक्य आणखी कोणाला मिळाले ते शोधू लागलो. अकरा जण सापडले आणि त्या प्रत्येकाला कक्षाने बोलावून घेतले. मात्र संवादाच्या नोंदी मुळात 30 दिवसच ठेवल्या जातात आणि ती मुदत मी वाढवलेली नव्हती. पहिल्या आठ दिवसांत, म्हणजे कुतूहलापोटी सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले त्या दिवसांत, ‘नाही’ वाचून कोण गप्प बसले, हे मला आता कुठूनही काढता येत नाही. नव्या वाक्याची सूचना आम्ही जुळणी विभागाच्या फलकावर लावली आहे, आणि दर सोमवारी मी तिथे जाऊन विचारतो.