तीन ख आणि एक हेल

माझा पुतण्या को ताओला असतो. थायलंडच्या आखातातलं हे छोटंसं बेट. जगभरची माणसं तिथे बुडी मारायला शिकायला येतात, आणि तारकर्लीच्या पाण्यात तयार झालेला आमचा मालवणचा पोरगा आता त्यांना शिकवतो. 'काकी, एकदा येवन जा' हे त्याचं पालुपद. जायचं तर चार शब्द यायला हवेत, आणि शब्द यायचे तर आधी मुळाक्षरं, असा माझा जुन्या वळणाचा हिशेब.

पडवीत बसून मोठ्याने घोकायला लागले तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गो, कोंबड्यांका बोलवतस?" अंदाज फार चुकला नव्हता. थाईत प्रत्येक व्यंजनाला एक चित्रशब्द जोडलेला असतो आणि पहिलंच व्यंजन 'कॉ काय', म्हणजे कोंबडीचा क. दुसरं 'खॉ खाय', अंड्याचा ख. आधी कोंबडी, मग अंडं. जगाला न सुटलेला वाद त्यांनी मुळाक्षरांतच मिटवून टाकला आहे.

पुढे पुढे तर घरच्यासारखंच वाटायला लागतं. माशाचा प, होडीचा र, यक्षाचा य, ऋषीचा स. एका अक्षराची तर चक्क मंदोदरी आहे, तिथे तिला 'मोन्थो' म्हणतात. अक्षरांचा क्रमही आपलाच, कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत. शेवटाकडे आपल्या ळ चा भाऊबंदसुद्धा भेटतो, फक्त तिकडे तो ल सारखाच बोलतो. इंग्रजीवरून थाई शिकणारे प आणि फ यांतला फरक ऐकताना मेटाकुटीला येतात; आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला. फुकेतचा फ हा फोनमधला नव्हे, फणसातला, हे एकदा कळलं की काम झालं.

एवढ्यावर खूश होऊन मी मोबाइलवर एक अॅप उतरवलं, आणि तिथे घोडं अडलं. अक्षरावर बोट ठेवलं की यंत्राचा आवाज 'खॉ' म्हणायचा. दुसऱ्या अक्षरावर ठेवलं, 'खॉ'. तिसऱ्यावर, पुन्हा 'खॉ'. खाली रोमन लिपीतही तिन्हींचं स्पेलिंग एकच. आता आपल्या वर्णमालेत ख च्या पुढे ग आणि घ बसतात. थाईत त्या जागांवर बसलेली अक्षरं पूर्वी घोष होती, म्हणजे ग-घ सारखी घशात कंप होऊन उमटायची. काळाच्या ओघात त्यांचा घोष गेला आणि उच्चार ख झाला. हरवलेल्या घोषाची भरपाई केली ती सुराने. वरच्या वर्गातला अंड्याचा ख म्हणताना आवाज खालून वर चढतो. खालच्या वर्गातला म्हशीचा ख, 'खॉ ख्वाय', आणि घंटेचा ख, 'खॉ रखांग', सपाट सुरात येतात. वरचा, मधला, खालचा असे वर्ग तीन, सूर पाच, व्यंजनं 44. त्यातली दोन आता कुठल्याच शब्दात येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडविन मॅकफार्लंड यांनी पहिला थाई टाइपरायटर तयार केला, तेव्हा त्या दोघांना त्यात जागाच मिळाली नव्हती. पाठ मात्र पोरं अजून 44च करतात.

म्हणजे ज्या साधनात सूर नीट ऐकू येत नाही ते कितीही रंगीत असो, कुचकामी. अक्षर त्याच्या पूर्ण नावासकट, जित्याजागत्या माणसाच्या आवाजात हवं. तेही एकाच माणसाच्या नको. सूर हा ज्याच्या त्याच्या पट्टीत असतो, पुरुषाचा वरचा सूर बाईच्या खालच्या सुराच्याही खाली जाऊ शकतो. फोर्व्हो या उच्चारांच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या माणसांनी आपापल्या आवाजात शब्द म्हणून ठेवले आहेत, त्याचा फार उपयोग होतो. थाई बालवाडीचे व्हिडिओ त्याहून बरे. बाई म्हणतात, पोरं मागून ओरडतात, आपणही ओरडायचं. त्यातले सोयीचे तुकडे कापून मी अँकी या पाठांतराच्या अॅपमध्ये भरले.

सावकाश ऐकायची सोय हवीच. जुन्या टेपरेकॉर्डरची कॅसेट हळू फिरली की लताबाईंचाही आवाज घोगरा व्हायचा. जिथे सूर हाच धडा, तिथे असलं यंत्र उलटंच शिकवणार. आताच्या यूट्यूबमध्ये, किंवा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममधल्या 'चेंज टेम्पो'ने, वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते. 'सुआ' हा शब्द मी असाच ताणून ताणून ऐकला: सूर चढता ठेवला तर वाघ, वरून खाली आणला तर सदरा, खालीच ठेवला तर चटई.

पण सगळ्यात मजेशीर साधन म्हणजे प्रात. अॅम्स्टरडॅमच्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी बनवलेला, फुकट मिळणारा संगणक प्रोग्रॅम. आपण बोलायचं आणि आपल्या सुराची रेघ पडद्यावर बघायची. वर थाई बाईंची रेघ, खाली आपली. पावसाळ्यात मात्र हा उद्योग बंद ठेवावा लागतो. पडवीच्या पत्र्यावर सर आली की रेघेचे तुकडे तुकडे होतात. मी बोलले ते कुठलं आणि पाऊस बोलला तो कुठला, संगणकाला कळेनासं होतं.

रेघेने आणखी एक गोष्ट दाखवली, ती कुठलंच अॅप सांगत नाही. 'क्लाय' सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली आणलं तर जवळ. (अर्थच असे उलटे असताना ही माणसं एकमेकांना पत्ते कसे सांगतात कोण जाणे!) मी म्हटलेलं 'लांब' सुटं असताना सरळ यायचं. वाक्यात घातलं की शेपटी हलायची. तो आमचा मालवणी हेल. आम्ही राग, लाड, आश्चर्य, कुचकेपणा, सगळं वाक्याच्या शेवटाला हेलकावा देऊन सांगतो. प्रश्न विचारायचा तर शेवटचा शब्द उचलायचाच. थाईत प्रश्नासाठी शेवटी वेगळा शब्द जोडतात. बाकी शब्दांचे सूर ठरलेले, तिथे आपल्या भावनेला हलवाहलव करायची मुभा नाही. अक्षरं अॅपने शिकवली, पण जन्माचा हेल काढून टाकणारं बटण त्यात कुठून असणार?

मग पुतण्यालाच फोन केला. एवढी वर्षं तिथे राहतोस, लोकांशी बोलताना हा हेल कसा सांभाळतोस रे?

"काकी," तो म्हणाला, "पाण्याखाली सगळे हातानच बोलतत. थय खयचो हेल?"