प्रचारगीतांची कॅसेट: सूर अखेर काळी दोनवर बसला

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीतल्या एका प्रचारसभेची जुनी कॅसेट संगणकात उतरवतोय, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ती सभा एकदाची सुरात आली. म्हणजे ए बाजू आली. बी अजून छळतेय. पट्टी कोणती, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, त्यांना आधीच सांगतो: काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. पण तिथवर पोचताना आपला ५० हर्ट्झचा हुकमी उपाय (टेपवरची विजेची गुणगुण सेकंदाला ५० कंपनांची धरून वेग लावायचा) तोंडावर पडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

किरकोळ कामं पटकन झाली. टेप हेडवर दाबून धरणारा प्रेशर पॅड गळून पडला होता, तो भंगारातल्या एका भजनाच्या कॅसेटमधून काढून बसवला. मग दोन्ही चॅनल मोनो करून ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, कानाने लावला. स्क्रू जरासा फिरला आणि शाहिराचे 'स' आणि 'श' सुटे झाले, झांजेची किणकिण वर आली. काय आनंद झाला! यूएसबीवाले ते प्लास्टिकचे कन्व्हर्टर घेऊ नका, हे पुन्हा बजावतो. त्यांची हेड वाकडी निघाली तर सरळ करायची सोय अनेकांत नसते. जुना कॅसेट डेक घ्या, आतले रबरी पट्टे बदला. पट्टे मात्र जुन्या पट्ट्याचं माप घेऊनच मागवा. 'सगळ्या डेकला चालतील' म्हणून मिळणारे संच सैल बसतात आणि सूर डुलायला लागतो.

खरं दुखणं वेगाचं होतं. रेकॉर्डर सेलवर चाललेला असणार, सेल उतरलेले, त्यामुळे टेप हळू फिरली आणि आता वाजवताना सगळं चढं लागतंय. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, स्पष्ट ऐकू येतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये वारंवारतेचा आलेख काढला, एका वेळी मोजायच्या नमुन्यांची खिडकी ६५५३६ वर ठेवली आणि ५० च्या खांबाऐवजी त्याची सहावी पट पाहिली, कारण तिथे फरक ठळक दिसतो. ३०० ला हवा तो खांब ३१८ ला उभा! वेग ५.७ टक्के उतरवला, खांब ३०० वर आला. आणि पेटी काळी दोन आणि पांढरी तीनच्या बरोब्बर मध्ये लटकली.

पेटी जुनी असेल, थोडी उतरलेली असेल, हे मान्य. पण दोन सुरांच्या ऐन मधोमध? बरेच दिवस मी डेकलाच दोष देत बसलो होतो. मग वीजमंडळात नोकरी केलेल्या एका स्नेह्यांनी विचारलं, "तेव्हा लाइनला ५० असायचेच हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिथे गाठ सुटली. जुलै २००२ मध्ये वीजजाळ्याच्या पश्चिम विभागात एबीटी (उपलब्धतेवर आधारित वीजदर) आलं आणि वारंवारता बिघडवणाऱ्याला पैसे मोजावे लागू लागले. त्याआधी ऐन मागणीच्या वेळी ती ४८.५ च्या आसपास घसरायची आणि भार उतरला की ५१ च्या वर जायची. पेटी काळी दोनची धरली तर हम ४८.६ येतो, पांढरी तीनची धरली तर ५१.४. टेपवर माईकवाला घाईने सांगतो की साडेसात वाजत आलेत, अजून शेजारच्या गावची सभा बाकी आहे. फेब्रुवारीतली संध्याकाळ, घरोघरी दिवे लागलेले. म्हणजे ४८.६. आणखी २.८ टक्के उतरवलं आणि शाहिराचा आवाज माणसाचा वाटायला लागला.

आवाज जागेवर आल्यावर शब्द लागले. एका अख्ख्या कडव्यात नळयोजनेचा पाइप वेशीपाशी येऊन का थांबला, हे विचारलंय. पुढच्या कडव्यात ठेकेदार कोणाचा कोण, ते नात्यासकट सांगितलंय. ऐकणाऱ्यांतून हुंकार येतात. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांतली गाणीही मी साठवतोय. चाल चकचकीत, आवाज कधी कधी यंत्राचा, आणि उमेदवाराचं नाव बदललं की तेच गाणं दुसऱ्या मतदारसंघात चालावं अशी बेतलेली. एप्रिल २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या मशाल गीतातल्या 'हिंदू' आणि 'जय भवानी' या शब्दांना निवडणूक आयोगाने हरकत घेतली आणि त्यावरून केवढी चर्चा झाली. शब्दांवर इतकी नजर आहे. पण राज्यभरच्या प्रचारगीतांतून गावाचा प्रश्नच गायब झालाय, त्याबद्दल एकाही पक्षाला कुणी जाब विचारत नाही. माझ्या मते प्रचारगीताचा ऱ्हास तिथे आहे, आणि तो सगळ्याच पक्षांनी मिळून केलाय.

बी बाजूला सेल आणखी उतरले असावेत, खांब पुढे पुढे सरकत जातो. तुकडे पाडून दुरुस्त करायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय की पेटीवरच भिस्त ठेवावी: प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचा सा पकडायचा आणि मधला वेग त्यावरून ओढत न्यायचा. कर्णा जनरेटरवर असेल ही शंकाही मग आड येत नाही. नॉइज रिडक्शनचा बेतही रद्द. हम पुसून टाकला तर मोजायला उरेल काय? तुमच्याकडे २००२ आधीच्या सभांच्या टेप असतील तर फिल्टर लावण्याआधी कच्ची प्रत बाजूला ठेवा, आणि पेटीची पट्टी व सभेची वेळ मला कळवा. गावोगावचे आकडे जुळवून पाहू.