एकटीचा पलंग

आमच्या खालच्या मजल्यावरच्या स्कॉटिश आजी नव्वदीच्या पुढच्या. त्यांना युद्धाबद्दल काही विचारावं तर त्या कोंबड्यांवर घसरतात. युद्धात त्यांना स्कॉटलंडमधल्या पर्थशरच्या ज्या खेड्यात हलवलं होतं, तिथे कोंबड्या थेट स्वयंपाकघरात यायच्या, आणि एक तर नेमकी यांच्याच मागे लागायची. हिटलरपेक्षा त्या कोंबडीची धास्ती मोठी होती, हे त्या अगदी गंभीरपणे सांगतात.

आजी मूळच्या ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक गावच्या. तिथे गोदीत ‘क्वीन मेरी’सारखी जहाजं बांधली जायची आणि सिंगरचा अवाढव्य कारखानाही तिथलाच. (आपल्याकडे ज्या मशीनवर परकर-पोलकी शिवली गेली, त्यातली कितीतरी तिथूनच आली असणार.) म्हणजे बाँब पडणार तर इथे, हे उघड होतं. युद्ध जाहीर झालं ३ सप्टेंबर १९३९ला, पण मुलांना शहरांतून खेड्यांत हलवायला त्याआधी दोन दिवस सुरुवात झालेली. कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली, गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. स्कॉटलंडच्या शहरांतून असे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक बाहेर पडले. त्यात मुलं होती, तान्ह्या बाळांच्या आयाही होत्या. आजींची आईसुद्धा धाकट्याला कडेवर घेऊन बरोबर गेली.

क्लाइडबँकचं घर म्हणजे एक खोली. आपल्या चाळीसारखंच, संडास जिन्यावर आणि तो सगळ्यांत मिळून एक. भिंतीतल्या कोनाड्यात बिछाना, त्यावर चार भावंडं, दोघांची डोकी इकडे, दोघांची तिकडे. आणि खेड्यातल्या त्या बाईंनी, बिचारीने चांगल्या मनाने, आजींना वेगळी खोली दिली. स्वतंत्र पलंग, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या चादरी. आजींना झोपच येईना. कुणाचा पाय लागत नाही, कुणी पांघरूण ओढत नाही, बाहेर ट्रामची घंटा नाही. शेवटी पलंगाखाली शिरून, भिंतीला पाठ लावून त्या झोपल्या. सकाळी पलंग रिकामा पाहून बाईंनी आरडाओरडा करून शेजारीपाजारी गोळा केले.

त्या वेळचे लोक म्हणायचे, शहरातली पोरं उवा घेऊन येतात, बिछाने ओले करतात. खोटं नव्हतं ते. पण नव्या अंथरुणात, आपल्या माणसांशिवाय, सहा वर्षांच्या पोराने दुसरं काय करावं?

आयांचं दुखणं निराळं. खेड्यात सिनेमा नाही, मासे-चिप्सचं दुकान नाही, तिन्हीसांजेला दार लावून घ्यायचं, आणि दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं वावरायचं. बाँब काही पडत नव्हते. मग ख्रिसमसपर्यंत गेलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश लोक परत आले. यावर पुढे बऱ्याच जणांनी त्या बायकांना नावं ठेवली. मला मात्र ते पटत नाही. न पडलेल्या बाँबच्या भीतीने माणूस किती दिवस परक्याच्या चुलीशी बसेल?

पण तो पडला. १३ आणि १४ मार्च १९४१च्या रात्री. क्लाइडबँकच्या बारा हजार घरांपैकी सात धड राहिली, पाचशेवर माणसं गेली. या दोन रात्रींबद्दल आजी एकच सांगतात: सिंगरच्या आवारातलं लाकूड पेटलं होतं आणि जिन्यात वाचता येईल एवढा उजेड होता. पुढे काही नाही. मीही विचारत नाही.

दुसऱ्यांदा घरचे गेले ते थेट एका शेतावर, आणि या वेळी परतायला घरच नव्हतं. तिथे त्या रुळल्या. ऑक्टोबरात बटाटे काढायला शाळेला सुट्टी असे. स्कॉटलंडमध्ये त्या सुट्टीला अजूनही कुणी कुणी ‘टॅटी’ची सुट्टीच म्हणतात. टॅटी म्हणजे बटाटा. दिवसभर वाकून वेचायचं, संध्याकाळी कंबर धरून घरी. मजुरी मिळायची, ती आई काढून घ्यायची. या गोष्टीचा राग मात्र ऐंशी वर्षांनंतरही ताजा आहे. परवाच पुन्हा हिशोब मांडून झाला, व्याजासकट.